पेढीवरचा अनुभव आणि कारखान्याचे दार

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण व्यापारी घरांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. अलीकडे मात्र ती काही घरांना अडचणीची ठरू लागली आहे. चिंचवडगाव, निगडी, भोसरी, चाकण, राजगुरुनगर येथील अनेक जैन कुटुंबांत आज साधारण एकच चित्र दिसते. वडील आणि थोरला मुलगा दुकान सांभाळतात. दुकानाचे उत्पन्न एका संसारास पुरते, दोन संसारांस पुरत नाही. मोठी सुपरमार्केटे आणि मोबाइलवरून घरपोच येणारा माल यांनी गिऱ्हाईक वाटून घेतले आहे. धाकटा बी.कॉम. किंवा एम.बी.ए. होऊन घरी आलेला असतो. तो दिवसभर गल्ल्यावर बसतो, म्हणून त्याला कोणी बेकार म्हणत नाही. आणि त्याला पगार नसतो, म्हणून कमावता असेही म्हणवत नाही. सोयरिकीची बोलणी निघाली की परिचयपत्रात ‘स्वतःचा व्यवसाय’ असे लिहिले जाते आणि मुलीकडच्यांनी पुढचा प्रश्न विचारला की घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.

याच दुकानापासून काही किलोमीटरांवर देशातील मोटार उद्योगाचा एक मोठा पट्टा पसरलेला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढच्या काही वर्षांत आकुर्डी, चिंचवड, भोसरीची माळराने कारखान्यांनी व्यापली. १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. चाकणचे नाव तोपर्यंत मुख्यतः कांद्याच्या बाजारासाठी घेतले जाई. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ आणि २०१० मध्ये महिंद्र यांचे प्रकल्प तेथे सुरू झाले, आणि गावाचे रूप पालटले. या उभारणीत समाजाचा वाटा नव्हता असे नाही. अहमदनगरचे कुंदनमल फिरोदिया हे वकील, स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी बजाज समूहासमवेत १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली आणि आकुर्डीच्या कारखान्याला, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सला, आकार दिला. तरीही सामान्य व्यापारी घराचा आणि कारखान्याचा संबंध बहुधा गेटबाहेरच राहिला. कामगारांना किराणा विकणे, कारखान्याला खोके, दोर, ऑइल, हातमोजे पुरवणे, एवढ्यापुरताच. आत जाऊन काम करण्याचा विचार या घरांत आता कोठे सुरू झाला आहे, आणि पहिल्याच पावलाला त्याची दिशा चुकते.

दिशा चुकते ती नावामुळे. धाकटा मुलगा परिचयपत्राच्या वीस प्रती काढतो आणि मोठ्या कंपन्यांच्या गेटवर देऊन येतो. सुरक्षारक्षक कागद घेतो, पेटीत टाकतो. महिनाभर फोन येत नाही, आणि घरात ‘सांगितलं होतं, आपलं काम नव्हे ते’ हे वाक्य उच्चारले जाते. वास्तविक एका मोटारीत हजारो सुटे भाग असतात आणि त्यांतील बहुतेक भाग मोठी कंपनी स्वतः करीत नाही. ते भोसरीच्या गाळ्यांत, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे येथील मध्यम कारखान्यांत तयार होतात. शंभरेक माणसांच्या अशा कारखान्यात यंत्रांवरची माणसे सोडली तर स्टोअरला दोघेतिघे, खरेदीला एखादा, डिस्पॅचला एखादा, हिशेबाला दोघे अशी माणसे असतात. त्यांतील एकजण सोडून गेला की मालकाचा हात लगेच आखडतो. तो जाहिरात देण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. ओळखीपाळखीच्या चार जणांना सांगतो आणि आठवड्यात माणूस उभा करतो. बी.कॉम. झालेल्या व्यापारी मुलासाठी खरी जागा ही आहे. ती मोठ्या कंपनीपेक्षा कमी प्रतिष्ठेची वाटते, हे खरे. पण मोठ्या नावाची शाश्वती तरी किती? आकुर्डीत बजाजच्या दुचाकींचे उत्पादन २००७ मध्ये थांबले होते. तळेगावात जनरल मोटर्सचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि तो प्रकल्प पुढे ह्युंदाईकडे गेला. ज्या पुरवठादारांकडे एकाहून अधिक गिऱ्हाईक कंपन्या होत्या, ते अशा धक्क्यातून अधिक सहज सावरू शकतात. एका गिऱ्हाइकावर दुकान चालवू नये, हे व्यापाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. नोकरी शोधतानाही पुरवठादाराचा माल कोणाकोणाकडे जातो हे तितक्याच बारकाईने पाहावे.

जाताजाता एक लहानसा तपशील. पिंपरी, चिंचवड, भोसरी भागातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. दुकानातून सवड मिळाली म्हणून गुरुवारी निघालेल्या मुलाला बंद गेट आणि पेंगणारा रखवालदार भेटतो, आणि तो नाउमेद होऊन परततो. शुक्रवारी सकाळी दहा-अकराची वेळ बरी. पाळी बदलण्याच्या वेळी मात्र कोणाला भेटायला जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. या मुलांच्या परिचयपत्रात ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘नाही’ असे लिहिलेले असते. वयाच्या पंधराव्या वर्षापासून वखारीत उभा राहिलेला मुलगा आपल्याला अनुभव नाही असे लिहितो, यापरते नुकसान दुसरे नाही. कारण दुकानात तो जे करतो, त्यालाच कारखान्यात दुसरी नावे आहेत. जुनी पोती पुढे आणि नवी मागे लावायची, आधी आलेला माल आधी काढायचा, ही किराणा दुकानातील पहिली शिकवण. कारखान्याच्या स्टोअरमध्ये तिलाच ‘फिफो’ म्हणतात आणि लेखापरीक्षक तीच आधी तपासतो, कारण रबर, रंग, चिकटद्रव्य या मालालाही मुदत असते. मोटारीतून उतरलेली पोती मोजून, बिलाशी ताडून, फाटके पोते बाजूला काढून वाहनचालकाच्या पावतीवर तसे लिहून घेणे, हेच काम कारखान्यात माल-स्वीकृती म्हणून चालते. तेथे त्या कागदाला जी.आर.एन. म्हणतात. दिवाळीच्या आधी वही पुरी करून साठा मोजणे म्हणजे वार्षिक साठामोजणी. कोणता माल संपत आला हे डब्याच्या तळावरून ओळखून ठोक व्यापाऱ्याला आधीच कळवणे, याला कारखान्यात किमान साठ्याची पातळी ठरवणे म्हणतात. उधारी कोणाला किती दिवसांची द्यायची, आणि वसुलीला जाताना संबंध न तोडता पैसे कसे आणायचे, हे ज्याला येते त्याला लहान कारखान्याच्या हिशेब विभागात सोन्याची किंमत असते. बऱ्याच लघुउद्योगांचा जीव मोठ्या कंपनीकडून वेळेवर न आलेल्या पैशांतच अडकलेला असतो.

वसुलीचा विषय निघालाच आहे तर तो थोडा अधिक नीट पाहावा, कारण मुलाखतीत इतरांपेक्षा वेगळे उठून दिसायचे असेल तर ते येथेच शक्य आहे. सूक्ष्म व लघू उद्योगांचे बिल ४५ दिवसांच्या आत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. तो बराच काळ कागदावरच राहिला. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराची तरतूद बदलली. मुदतीत न दिलेली ही रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांचे खरेदी आणि हिशेब विभाग प्रत्येक पुरवठादाराचे उद्यम नोंदणीपत्र मागू लागले. हे संरक्षण उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. केवळ व्यापार करणाऱ्यांना नाही. अनेक दुकानदारांना हा फरक ठाऊक नसतो, आणि तो ज्या उमेदवाराला समजावून सांगता येतो त्याच्याकडे लहान कारखान्याचा मालक खुर्ची पुढे ओढून पाहू लागतो.

दुसरा असाच विषय जॉबवर्कचा. या पट्ट्यात एक लोखंडी तुकडा कापायला एका गाळ्यात, भोक पाडायला दुसऱ्यात, प्लेटिंगला तिसऱ्यात जातो आणि चौथ्या ठिकाणी जोडला जातो. माल विकलेला नसतो, फक्त कामासाठी पाठवलेला असतो. म्हणून तो चलनावर जातो. हा माल एका वर्षात परत यावा लागतो, यंत्रे तीन वर्षांत. साचे, डाय, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत लागू नाही. मुदत उलटली तर माल पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि व्याजासह कर भरावा लागतो. म्हणून ‘कोणाकडे किती तुकडे बाकी आहेत’ याची चोख वही ठेवणारा माणूस हवा असतो. परगावी गेलेल्या बारदानाचा हिशेब ज्या घरात आजोबांच्या काळापासून ठेवला जातो, तेथील मुलाला हे अवघड नाही. त्याने ते एक्सेलमध्ये करून दाखवावे, एवढेच. टॅली बहुतेकांना येते. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस दुकानात तयार करीत असल्यास तसे स्पष्ट लिहावे: महिन्याला साधारण किती, कोणत्या मालाची, कोठून कोठे. ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारा’ ही विशेषणे मात्र खोडून टाकावीत. ती सर्वांच्याच परिचयपत्रात असतात आणि कोणी वाचत नाही.

अनुभव आहे, पण त्याचा कागद नाही, हे व्यापारी घराचे जुने दुखणे. घरच्या मुलाला पगार द्यायचा, ही कल्पनाच कित्येक वडिलांना अपमानाची वाटते. ‘सगळं त्याचंच आहे’ असे ते म्हणतात. भावना उत्तम, पण त्यामुळे पाच वर्षे राबलेल्या मुलाजवळ आपण काही केले हे दाखवायला एक ओळही नसते. यावर उपाय साधा आहे. सनदी लेखापालाला विचारून, मुलगा खरोखर जे काम करतो त्याचा वाजवी पगार दरमहा बँकेतून द्यावा आणि वहीत त्याची नोंद ठेवावी. पेढीच्या पत्रावर, जी.एस.टी. क्रमांकासह, कोणत्या काळात कोणते काम केले याचे पत्र वडिलांनी सही करून द्यावे आणि नाते लपवू नये. नात्यामुळे पत्राचे मोल घटत नाही. लपवलेले नाते उघड झाले तर मात्र घटते. मित्राच्या कंपनीतून खोटे अनुभवपत्र आणण्याचा मार्ग काही घरांत सुचवला जातो. तो नैतिकदृष्ट्या त्याज्य आहेच, व्यवहारातही मूर्खपणाचा आहे: भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर आधीच्या नोकऱ्यांची नोंद दिसते, आणि जेथे ती दिसायला हवी तेथे न दिसल्यास प्रश्न निघतोच. ज्या घराची पत पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर उभी राहिली, त्याने ती एका कागदासाठी घालवावी, हे न शोभणारे आहे.

येथे मुलींचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण ही अदृश्यता त्यांच्या वाट्याला दुपटीने येते. दुकानाचे टॅली कित्येक घरांत मुलगी किंवा सून भरते. रिटर्नची तारीख तिच्याच लक्षात असते. बँकेचा आणि वहीचा मेळ तीच घालते. विचारले तर ती ‘घरीच असते’. मुलाला पत्र द्यायचे ठरले तर तिलाही तेच पत्र, त्याच पगारासह द्यावे. चिंचवड-भोसरीतील कारखान्यांच्या हिशेब आणि खरेदी विभागांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात. सामान्य पाळीची ही कामे आहेत. अडचण बहुधा कारखान्याकडून येत नाही.

मुलाखतीत व्यापारी घरच्या उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारला जातो: “वडिलांचं दुकान आहे ना, मग नोकरी कशाला?” प्रश्न सोपा वाटतो, पण त्याच्या मागे मालकाची खरी शंका आहे. हा सहा महिने शिकेल आणि दिवाळीच्या हंगामात दुकानात परत जाईल. मग नवा माणूस शोधा. या शंकेला ‘मला नवीन काही शिकायचंय’ असे गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही. दुकान एकाच संसारापुरते आहे, ते मोठा भाऊ पाहतो, आणि हे घरात बसून ठरलेले आहे, असे सांगणे अधिक पटते. पण ते खरोखर ठरलेले असले तरच. म्हणजे मुलाखतीची तयारी घरातल्या त्या बोलण्यापासून सुरू होते, जे बहुतेक घरांत टाळले जाते. दुकान कोणाचे, धाकट्याचा वाटा कोणता, त्याने नोकरी धरली तर तो वाटा राहतो की जातो, हे वडिलांनी स्पष्ट केले नाही तर मुलगा मुलाखतीत चाचरतो आणि समोरच्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो. पुढे स्वतःचा गाळा टाकण्याचा मानस असेल तर तोही लपवण्याचे कारण नाही. भोसरी-चिंचवडचे कितीतरी लघुउद्योजक आधी मोठ्या कारखान्यांतच नोकरीला होते. समोर बसलेला मालक कदाचित त्यांपैकीच एक असेल. किती वर्षे नक्की थांबणार, याचा शब्द मात्र विचारपूर्वक द्यावा आणि पाळावा.

ओळखीविषयी समाजात दोन टोके आहेत. कोणी म्हणतो, ओळखीशिवाय काही होत नाही. कोणी म्हणतो, ओळख सांगणे कमीपणाचे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली आणि १९७३ साली तिचे निष्कर्ष मांडले. परिचिताकरवी नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोक त्या परिचिताला वरचेवर भेटत असत, ५५.६ टक्के अधूनमधून, आणि २७.८ टक्के क्वचितच भेटत. कारण उघड आहे. काका-मामांना जे ठाऊक असते ते घरात सर्वांनाच ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते. व्यापारी घराकडे असे दूरचे परिचय विपुल असतात: कारखान्याला खोके पुरवणारा, माल वाहणारा टेम्पोवाला, पावतीपुस्तके छापणारा, हार्डवेअर घ्यायला येणारा देखभाल विभागाचा माणूस. त्यांच्याकडे ‘मुलाला चिकटवा’ असे म्हणू नये. तसे म्हटले की ते पुढच्या वेळी रस्ता बदलतात. कोणत्या कारखान्यात नवी शेड उभी राहते आहे, कोणाचा स्टोअरकीपर सोडून गेला, एवढेच विचारावे. शब्द टाकणारा आपली पत गहाण टाकत असतो. हुंडी स्वीकारणाऱ्या घरांना हे समजावे लागू नये.

अगदीच सुरुवात करणाऱ्यांसाठी शिकाऊ उमेदवारीचा दरवाजा आहे. १९६१ च्या कायद्यात पुढे झालेल्या बदलांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ही सोय फक्त आय.टी.आय. किंवा पदविकाधारकांना आहे असा समज आहे. वाणिज्य पदवीधरही त्यात येतात. विद्यावेतन बेताचे असते, पण वर्षअखेरीस हाती कागद येतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे कागदाचीच वाण आहे.

नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या दलालाशी व्यवहार करू नये, एवढे एका वाक्यात पुरे. नेमणूकपत्र हाती आल्यावर त्यावर कारखान्याचे नाव आहे की कंत्राटदाराचे, हे पाहावे. या पट्ट्यात असंख्य माणसे कंत्राटदाराच्या नावावर काम करतात. त्यात लाज नाही, पण माहीत असावे. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना त्या कायद्याखाली येत असेल तर राज्य विमा योजनेची कपात होते आणि कुटुंबाला औषधोपचाराचा हक्क मिळतो; ती कपात पाहून नाराज होण्याऐवजी कार्ड करून घ्यावे.

शेवटी एक प्रश्न राहतो, जो मुलगे घरी विचारत नाहीत आणि कारखान्यात विचारायला कचरतात. स्टोअर आणि डिस्पॅचला कधी ना कधी दुसरी पाळी येतेच. ती दुपारी सुरू होऊन रात्री संपते आणि जेवणाची सुट्टी बहुधा सूर्यास्तानंतर असते. चौविहार पाळणाऱ्याचे काय? कॅन्टीनच्या भाजीत कांदा-बटाटा असणार, त्याचे काय? काही जण यावर पहिल्याच भेटीत अटी घालून बसतात आणि संधी गमावतात. काही जण गप्प राहतात आणि महिन्याभरात नोकरी सोडून घरी येतात. योग्य वेळ यांच्या मधली: निवड झाल्यावर, रुजू होण्याआधी. तेव्हा सवलत म्हणून न मागता व्यवस्था म्हणून सांगावे, की जेवणाच्या सुट्टीऐवजी चहाच्या सुट्टीत डबा खाईन, जेवणाच्या वेळी स्टोअरची खिडकी मी सांभाळीन. ती खिडकी त्या वेळी कोणीतरी सांभाळायची असतेच, त्यामुळे हा बदल सहसा मान्य होतो. पर्युषण येते ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, नेमके दिवाळीसाठी उत्पादन वाढलेले असताना. तेव्हा आठ दिवसांची रजा नव्या माणसाला मिळणे कठीण, पण संवत्सरीच्या एका दिवसाचा अर्ज जूनमध्येच दिला तर कोणी अडवत नाही. घरच्यांनाही थोडे बदलावे लागते. जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तेव्हा वेळ निभते. नोव्हेंबर-डिसेंबरात तो सहाच्या आसपासच जातो, आणि डबा साडेपाचच्या आत उघडता यावा म्हणून आईला तो दुपारी दोनलाच भरून द्यावा लागतो.